यंदा तीज मागायची नाही

२८ जुलै, सोमवार

भावानं, देविदासनं, शब्द देऊन टाकला! विचारलं नाही, सांगितलं. सकाळी औंढ्याला श्रावणी सोमवारचं दर्शन म्हणून गेला आणि नागनाथाच्या रांगेत उभं राहायच्या आधी बाहेरच्या टपरीवर चहा पीत माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक ठरवून आला. घरी आला तो पेढे घेऊन. मी म्हटलं, पेढे कशाचे? म्हणाला, "दिपाचे."

दिपा अठरा वर्षांची. बारावीला चांगले मार्क. वाशिमला नर्सिंगला नंबर लागलाय, अठरा ऑगस्टला हजर व्हायचंय. हे देविदासला माहीत नाही असं नाही. तिच्या कागदांच्या झेरॉक्स त्यानंच काढून आणल्या होत्या!

"शिकू देतील की. तसं बोललेत ते."

तसं बोललेत! लग्नाआधी कोण तसं बोलत नाही?

तीज, म्हणजे पोरींनी टोपल्यांत वाढवलेले गव्हाचे कोंब, ज्या दिवशी तोडतात त्या दिवशी सगळा तांडा गोळा असतो, तेव्हाच गोळ खायचा म्हणे. गूळ तोच, पण तांड्याच्या नायकासमोर परात ठेवून दोन्हीकडच्यांनी खाल्ला की सोयरीक पक्की. मग ती मोडली तर नसाब बसते — नायक, कारभारी, चार जाणती माणसं — आणि मान खाली जाते ती पोरीच्या घरची.

आई चुलीपुढं होती. मी म्हटलं, "याडी, तू तरी बोल." ती भाकरी थापत राहिली. "शबुद गेला ना आता," एवढंच बोलली. बाप गेल्यापासून घरातला शब्द देविदासचा, असं तिनंच ठरवून टाकलंय.

दिपा पेढा हातात धरून बसली. खाल्ला नाही, ठेवलाही नाही. मी ओरडले तेव्हा दचकली फक्त.

आणि शाळेत आजच नवीन काम. शब्दभिंत! दर आठवड्याला एक क्रियापद घ्यायचं, त्याचे अर्थ, समानार्थी शब्द, व्हरांड्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात. मुख्याध्यापक म्हणाले, "पहिला शब्द 'उल्लंघन करणे' घ्या मॅडम. दहावीच्या पोरी मधल्या सुट्टीत कंपाउंडवरून उड्या मारून नाक्यावर जाऊन राहिल्या. जरा डोक्यात बसू द्या त्यांच्या." पोरी उड्या का मारतात? शाळेच्या संडासात पाणी नाही म्हणून. नाक्यावरच्या ढाब्यामागं निदान नळ आहे. पण त्यासाठी भिंतीवर शब्द लिहायचा नाही. शब्द लिहायचा उडीसाठी.

३० जुलै, बुधवार

लिहायला बसले तर शब्दांची रासच. मोडणे. भंग करणे. ओलांडणे. धुडकावणे. झुगारणे. डावलणे. पायमल्ली करणे. तुडवणे. बगल देणे. धाब्यावर बसवणे. हरताळ फासणे. 'पाळणे'ला शोधले तर दोन-तीनांवर गाडी अडकली. काय म्हणावं या भाषेला! पाळायला शब्द नाहीत आणि मोडायला एवढी श्रीमंती.

पण एक गोष्ट लक्षात आली आणि डोकं तापलं. हे शब्द माणूस बघून लागतात. पुढारी नियम धाब्यावर बसवतो, ऐकताना रुबाबच वाटतो त्याचा. कंत्राटदार नियमाला बगल देतो, म्हणजे हुशार. साहेब नियम शिथिल करतात — तिथं तर मोडणं उरतच नाही, उपकार होतात. आणि पोरगी? पोरगी मोडते. खाट मोडते तशी. मोडलं की आवाज होतो आणि अख्खा तांडा वळून बघतो.

मी ते भिंतीवर तसंच लिहिलं. यादीच्या शेवटी, कंसात: शिथिल करणे (फक्त मोठ्यांसाठी). बघू कोणाच्या लक्षात येतं.

वर्गात साजीदनं विचारलं, "मॅडम, धाब्यावर म्हणजे नाक्यावरच्या ढाब्यावर का?" सगळा वर्ग हसला. धाबं म्हणजे मातीचं छप्पर, मी सांगितलं. त्याला पटलं नाही. मलाही त्याचाच अर्थ जास्त पटला. तिथं बसून काय काय ठरतं ते बघितलंय आम्ही!

उझ्मा मॅडम शेजारच्या वर्गात गणित घेतात. स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "निता, तू गुस्से में बहुत अच्छा पढाती. रोज लड के आया कर घर से." त्यांना काय जातंय.

घरात आम्ही गोरमाटी बोलतो, बंजाऱ्यांची बोली. वहीत मात्र मराठीच उतरतं. भांडण तिकडं करायचं आणि लिहायचं इकडं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

देविदासशी बोलणं बंद केलंय. त्याला अजून कळलेलंच नाही!

३ ऑगस्ट, रविवार

येऊन गेले. मुलगा, त्याचा चुलता, मामा, दोन बायका. मी ठरवलंच होतं की मुलात खोट काढायची. निघाली नाही! हाच तर संताप. प्रेमसिंग नाव. जेसीबी चालवतो, स्वतःचा. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नाही. दिपाकडं रोखून बघितलं नाही, पाणी दिलं तर दोन्ही हातांनी घेतलं. एखादा दारुडा, मस्तवाल असता तर माझं काम सोपं होतं. चांगल्या माणसाला नाही म्हणायचं म्हणजे लोक विचारतात, काहून? आणि 'तिला शिकायचंय' हे आमच्याकडं कारण होत नाही. ते पुढं ढकलायचं निमित्त होतं.

कायदाही देविदासच्या बाजूनं. पोरीला अठरा पूर्ण. म्हणजे उद्या हे लग्न लावून टाकलं तरी यात कोणीच काही मोडत नाही — ना देविदास, ना तो मुलगा, ना नायक. मोडेल तर फक्त दिपा. तेही तोंड उघडलं तर.

पाहुणे गेल्यावर मी आईला धरलं. "तुला हे बरं दिसतं?"

"काय वंगाळ हाय त्यात? पोरगं चांगलं हाय."

"आणि तिची नर्सिंग?"

आई भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या गोळाच्या वक्ताला मला झोपेतून उठवून बसवलं व्हतं. मला वाटलं खायला देऊन राहिले. तिजेचं टोपलं मांडायचं वय यायच्या आतच सासरी आले मी. एकडाव बी न्हाई मांडलं. काय बिघडलं माझं?"

काय बिघडलं! हे असं सांगते जशी चहात साखर कमी पडली. माझा नुसता जळफळाट झाला. म्हटलं, "तुझं बिघडलं नाही म्हणून हिचं बिघडवायचं का?" तिनं तवा असा आपटला की कोंबड्या पळाल्या.

बास. आईकडून काही होणार नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

थावरा नायकाकडं गेले होते. म्हातारा माणूस, पांढरं पागोटं, ऐकून घेतो सगळं. हीच त्याची पंचाईत — ऐकून घेतो, आणि मग तेच बोलतो जे आधीपासून ठरलेलं असतं.

मी सगळं सांगितलं. नर्सिंग, तारीख, दिपाला न विचारता दिलेला शब्द. त्यानं चिलीम बाजूला ठेवली.

"निता, तू मास्तरीन हायेस. मला येक सांग. देविदासनं कोनचा नियम मोडला?"

मग तोच बोटांवर मोजायला लागला.

"वय भरलं. गोत येगळं. घर चांगलं. भावानं शबुद दिला, बाप न्हाई त भावानंच देयाचा. आता नियम मोडला त सांग, आत्ता नसाब बसवतो."

माझ्याकडं मोडण्याचे बारा शब्द भिंतीवर लिहिलेले आणि देविदासला लावायला त्यातला एक नाही! उठून आले. दारात त्याची बायको म्हणाली, "यंदा तीज मागाया तूच येशीन ना पोरी घेऊन?" दर वर्षी मीच नेते. तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरींत आता मीच थोरली. बाया चिडवतात, "मास्तरीनबाई, आजून टोपलं मांडायल्या का?" मांडायले! बांबूचं टोपलं, वारुळाची माती, भिजवलेले गहू, नऊ दिवस दोन्ही वेळा पाणी आणि गाणी. मला आवडतं ते. वर्षात तेवढेच नऊ दिवस तांडा पोरींच्या तालावर चालतो. पण त्यालाही आधी नायकाच्या दारात जाऊन परवानगी मागायची. तो हो म्हणाला की मग पेरायचं.

६ ऑगस्ट, बुधवार

आज हापशावर तांड्यातली पूजा आणि बाकीच्या पोरी भेटल्या. "ताई, परवा नायकाकडं किती वाजता जायचं?" डोक्यात कालचं होतंच. तोंडातून निघून गेलं, "जायचंच नाही. यंदा तीज मागायची नाही."

हापशाचं पाणी थांबलं, कारण दांडा पूजाच्या हातात होता.

मग पूजाच म्हणाली, "मागितली न्हाई त काय व्हईल?"

काय होईल? मला तरी कुठं माहीत! आजवर कोणी न मागितल्याचं कोणाच्या ऐकण्यात नाही. पेरायला परवानगी लागते. न पेरायला? एकेक पोरगी मान डोलवत घागर उचलून निघून गेली. जाताना हसत होत्या. मी घरी आले तर पाय हलके झाले होते. आठवड्यात पहिल्यांदा मला भूक लागली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

कोणीच गेली नाही!

नायकाचं अंगण सारवून ठेवलेलं. टोपली ठेवायचा माचा बांधून ठेवलेला. नायकाच्या बायकोनं गूळपाणी काढलेलं. दिवस मावळला तरी पोरींचं गाणं येईना, तेव्हा तिनं माणूस पाठवला. पूजाच्या घरी म्हणाली डोकं दुखतं. दुसरी म्हणाली अभ्यास आहे. अभ्यास! ही पोरगी दहावीत 'धुडकावणे' दोनदा चुकीचं लिहिते.

अंधार पडायच्या आत सगळ्यांना कळलं यामागं कोण ते. देविदास दारातूनच ओरडला, "काय करून राहिली तू हे?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

खरंच काहीच करत नाहीये मी!

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. सकाळीच नसाब बसली. मला बोलावलं.

कारभारी तावातावानं उठला. याचा आवाज मोठा, अक्कल बेताची. "तीज बंद पाडली हिनं! कोंब न्हाई निघाला त वावरात काय निघंल? सोयाबीन आधीच पिवळं पडून राहिलं." मग म्हणाला, "नियम मोडला!"

थावरा नायक म्हणाला, "कोनचा?"

पोरींनी मागावी असा नियम आहे का? नाही. मागितली तर नायकानं द्यावी, असा आहे. टोपलं मांडलं तर पाणी चुकवू नये, असा आहे. मांडावंच असा कोणी कधी करून ठेवलेला नाही, कारण कोणाला वाटलंच नव्हतं की पोरी नको म्हणतील! सगळे एकमेकांकडं बघत बसले. मला असं हसू फुटत होतं! मोडणे नाही, ओलांडणे नाही, भंग नाही, उल्लंघन नाही. माझ्या भिंतीवरचा एकही शब्द मला लागू होईना. नायकानं मंगळवारी मला जसं गप्प केलं होतं तसाच तो आज गप्प बसला. आणि त्याला ते कळलं, हे मला कळलं.

उठताना एवढंच म्हणाला, "राग कोनाचा, आन बसला कोनावर, बघ बाई."

दुपारी देविदासनं राखीसाठी हात पुढं केला. दिपानं बांधली. मी नाही बांधली. तो हात तसाच धरून बसला जरा वेळ. "मी काय दुश्मन हाय का गं तिचा?" म्हणाला. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

आई मला बघून बघून तोंड फिरवतेय. आज दिवसभर मागच्या खोलीत खुडबुड चालली होती, जिथं गव्हाच्या कोठ्या आहेत. मी डोकावले तर दार लोटून घेतलं. संध्याकाळी बघते तर कुलूप! आमच्या घरात कुलूप! पाहुण्यांसाठी गूळ-साखर भरून ठेवतेय, दुसरं काय. पोरगी द्यायची घाई झालीय हिला.

१० ऑगस्ट, रविवार

गेल्या. सगळ्या गेल्या.

पोरींच्या आयांनी रात्रभर काय काय ऐकवलं असेल ते मी समजू शकते. पाऊस लांबला, बैल लंगडा झाला, सगळं माझ्या नावावर. सकाळी पूजा पुढं आणि बाकीच्या मागं, गाणं म्हणत नायकाच्या दारात. मी आमच्या ओट्यावरून ऐकलं. पहिली ओळ दर वर्षी मी उचलते. आज पूजानं उचलली, खालच्या पट्टीत, घाबरत घाबरत.

नायकानं परवानगी दिली. राखीला पेरायचं असतं, एक दिवस उशीर झाला तरी चालेल म्हणाला. नियम शिथिल! आणि माझ्यासाठी काय, तर कारभाऱ्यानं निरोप धाडला — जी नको म्हणली तिला नको. माझं टोपलं यंदा मांडायचं नाही.

म्हणजे आता एक शब्द लागू झाला. डावलणे. हा सगळ्यात हरामखोर शब्द आहे. यात काही फुटत नाही, तुटत नाही, आवाज नाही. नियम सगळे जागच्या जागी असतात. फक्त एका माणसाला वगळून सगळे पुढं जातात.

दिपानं टोपलं मांडलं. तिचं शेवटचं म्हणून नायकाच्या बायकोनं तिला मधली जागा दिली. ती गेली निमूट! तिच्यासाठी मी तांड्याशी भांडण घेतलं आणि ती गेली टोपलं घेऊन! आल्यावर मी तिच्याशी बोलले नाही. आता घरात मी कोणाशीच बोलत नाही. वही आहे म्हणून बरं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दिपाशी भांडले. म्हणजे मी भांडले, ती हळू बोलत होती. तिचं हे हळू बोलणं मला सहनच होत नाही.

मी म्हटलं, "मी तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू टोपलं मांडून आलीस?"

"माझ्यासाठी केलं का ताई?"

"मग कोणासाठी?"

"भियानं शबुद दिला तवा मला इचारलं न्हाई. तू तीज बंद केली तवा तू तरी कुठं इचारलं?"

"म्हणजे तुला लग्न करायचंय?"

"मला नर्सिंगच करायचंय. सुया टोचायच्या, पट्ट्या बांधायच्या, पांढरा ड्रेस घालायचाय. पन मला टोपलं बी मांडायचं व्हतं. हे बी तुमी इचारलं असतं त सांगितलं असतं." आणि पाणी घालायला निघून गेली, घागर कमरेवर घेऊन.

अशी तळपायाची आग मस्तकात गेली! म्हणजे मी आणि देविदास एकाच माळेचे मणी? मी! रागारागात शाळेच्या वह्या तपासल्या. 'झुगारणे'चं वाक्य एका पोरीनं लिहिलंय: 'शेळीने दावे झुगारले.' झुगारलं नाही, तोडलं असेल. पण मी बरोबरची खूण केली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मुख्याध्यापकांनी आज भिंत नीट वाचली. दोन आठवड्यांनी! "हे काय मॅडम? शिथिल करणे, फक्त मोठ्यांसाठी?"

"समानार्थी आहे सर."

"पुसा ते. उद्या झेंड्याला पाहुणे येऊन राहिले."

मी तासिका तत्त्वावर. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही हे त्यांच्या हातात. मी पुसलं. चुना लावला. पण पावसाळी हवा, चुना वाळेना, अक्षरं तशीच वर आली. मी दुसरा हात लावला नाही. उझ्मा मॅडम म्हणाल्या, "रहने दे. दीवार बोली मैं नहीं मिटती, तो तू क्या करती?"

कंपाउंडवर आता काचा बसवल्यात. संडासात पाणी नाहीच.

घरी आले तर आई तांब्या घेऊन मागच्या खोलीतून बाहेर येत होती. रोज दोनदा जाते, सकाळी आणि दिवस मावळायला. बाहेर येऊन कुलूप. मी म्हटलं, "काय एवढं सांभाळतेस? सोनं आणलंय का जावयासाठी?" ती काहीतरी गुणगुणत होती, ते बंद केलं. नखांत माती. "तुला काय करायचं?" म्हणाली. गुणगुणते! पोरीचं वाटोळं होतंय आणि ही गुणगुणते!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडा. पाहुण्यांनी अर्धा तास नियमांवर भाषण केलं, आणि त्यांची गाडी उभी होती बरोबर शाळेच्या फाटकात, वाट अडवून.

१६ ऑगस्ट, शनिवार

उद्या तीज तोडणार. उद्या गोळ.

आज पोरींनी बोरीच्या फांदीवर काट्यांना हरभरे टोचले. पोरं फांदी हलवतात, चिडवतात, आणि पोरींनी न रडता, न चिडता टोचायचं असतं. दिपाच्या बोटातून रक्त आलं. तिनं चिंधी काढून स्वतःच पट्टी बांधली. किती नीट बांधली! गाठ आत, टोक बाहेर नाही. कोणी शिकवली नाही तिला. ते बघून मला राहवेना, मी सरळ घरी आले आणि आईसमोर उभी राहिले.

मी म्हटलं, "उद्या परात पुढं आली की पहिला खडा तुझ्या तोंडात जाणार. पोरीची आई खात नाही तोवर बाकी कोणी खात नाही. एवढं एक तुझ्या हातात आहे या सगळ्या कारभारात. तेवढं एक! नको खाऊस."

"आन मंग?"

"मग काय? मोड एकदा. एकदा तरी आयुष्यात काहीतरी मोड याडी!"

माझा आवाज फाटला होता. शेजारच्या बाया बाहेर आल्या. आईनं माझ्याकडं बघितलं, नुसतं बघितलं, आणि म्हणाली, "लई वरडतीस तू." तांब्या उचलला आणि मागच्या खोलीत गेली. आतून कडी.

असं वाटलं दार फोडावं. अठराला वाशिमला हजर व्हायचंय, परवाच. दिपाची बॅग मीच भरून ठेवली होती, तिला न विचारता. आज सगळं बाहेर काढलं. परत घड्या घातल्या. परत काढलं. जाऊ दे. माझ्याकडचे शब्द संपले. उद्या मी तिथं बसणार नाही. बसले तर परात उलथून टाकीन.

१७ ऑगस्ट, रविवार

गोळ खाल्ला नाही!

मी गेलेच शेवटी. सगळे बसलेले, प्रेमसिंगची माणसं समोर. परात आईपुढं आली. आई उठून घरात गेली आणि डोक्यावर टोपलं घेऊन आली. गहू! वीतभर उंच, पिवळेधमक कोंब, पोरींच्या सगळ्या टोपल्यांपेक्षा वर आलेले. नायकापुढं ठेवलं.

"राखीच्या दिवशी पेरलं. माझं राह्यलं व्हतं. इचारलं न्हाई कोनाला."

कारभारी ओरडला, "लगीन झालेल्या बाईनं?"

आईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. "माझा गोळ मी झोपेत असताना खाल्ला तुमी. ही जागी हाय. हिला इचारा, मंग मी खाते."

सगळ्या तांड्यानं दिपाकडं बघितलं. ती म्हणाली, "मला वाशिमला जायचंय." हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं. प्रेमसिंगनंच परातीवर फडकं टाकलं. देविदास खाली बघत होता.

मग थावरा नायकानं, तीज तोडल्यावर कोंब खोचून घ्यायला पोरींपुढं वाकवतो तसं, पागोटं आईपुढं वाकवलं. आईनं आपले कोंब तोडून त्यात खोचले.

मला अजून राग आहे तिचा. सांगितलं असतं तर मीही पाणी घातलं असतं.